एकटीपुरती गाडी

"अहो ताई... जरा उठता का? तुम्ही ज्या शीटवर झोपलाय ना, तीच मला हवीये."

"कितव्या बेडवर?" ती दचकून म्हणाली, आणि मग ओशाळली. कारण हा वॉर्ड नव्हता, लाकडाची वखार होती. रात्रपाळी संपवून ती हॉस्पिटलमधून थेट इथे आली होती. दुकानदार "दोन मिनिटं बसा" म्हणाला, आणि प्लायवूडच्या थप्पीवर बसल्या बसल्या तिचा डोळा लागला. समोर एक सुतार उभा होता. केसांत भुसा, आणि ओठांवर दाबून धरलेलं हसू.

"प्लाय कशाला हवंय, सिस्टर?" तिच्या गणवेशाकडे बघत त्याने विचारलं.

"झोपायला."

"ते दिसलंच."

तिने पर्समधून घडी घातलेला कागद काढला. त्यावर तिने स्वतः काढलेलं चित्र होतं. पाण्याच्या थेंबासारखी एक बुटकी खोली, खाली दोन चाकं. भावाच्या जुन्या मोटारीला मागून जोडायची आणि ओढत न्यायची. आत फक्त गादी. मागचं झाकण वर केलं की चहापुरता ओटा.

"चार फूट रुंद? एकटीला ऐसपैस आहे."

"चाकांचा दांडाच तेवढा मिळालाय. आणि हो, एकटीच. वरात नाही न्यायचीये मला."

घरी दिवसा झोप कसली! भावाची मुलं, वहिनीचा मिक्सर, आईच्या हाका. हॉस्पिटलात रात्रभर घंटा. अकरा वर्षांत पहिल्यांदाच तिला सलग एकवीस दिवसांची रजा मिळाली होती, आणि जिथे आपल्याला कुणी उठवणार नाही अशी एक जागा तिला हवी होती. बाकी काही म्हणजे काही नको होतं.

सुताराने चित्रातल्या गोल पाठीवरून बोट फिरवलं. "रविवारी सकाळी माझ्या कारखान्यात या. ही गोलाई एकटीच्याने निघायची नाही."

आणि खरंच निघाली नसती. प्लायवर खिळे ठोकून त्यांच्या कडेने पातळ पट्टी वाकवायची. एकाने ती दाबून धरायची, दुसऱ्याने रेघ ओढायची. ती गुडघ्यांवर बसून पट्टी धरायची, आणि तो पेन्सिल घेऊन हळूहळू तिच्या बोटांपर्यंत येऊन थांबायचा...

"हलू नका."

"मी कुठे हलतेय? तुमचीच पेन्सिल थरथरतेय."

"टोक बोथट झालंय," तो म्हणाला, आणि टोक करायला उठून गेला. टोक चांगलं सुईसारखं होतं.

तोही दमलेलाच असायचा. आठवडाभर शाळेचे बाक करून कंबरेला पट्टा लागला होता. त्यामुळे या दोघांचं जे काही जमलं ते बसून जमलं — चहाचे कप हातात, अर्धी वाक्यं, अधूनमधून जांभया. बागा नाहीत, फिरणं नाही. पण तिला रविवारची वाट बघायची सवय लागली, आणि तो शनिवारीच कारखाना झाडून ठेवू लागला.

रजा सुरू व्हायला दोनच आठवडे उरले होते, तो रविवार. गाडीच्या दोन्ही बाजू एकसारख्या याव्यात म्हणून शीट एकावर एक ठेवून, क्लॅम्पने आवळून कापलेल्या. आता क्लॅम्प सोडवायचे आणि एकाच बाजूला दार कापायचं. ती वॉर्डातल्या एका आजोबांची नक्कल करत होती, हसत होती, हसता हसता पेंगत होती. त्याची करवत चालू होती. कापलेला तुकडा खाली पडला... धप्. आणि मागोमाग दुसरा, धप्.

"मिस्त्री, हे काय केलंत!" तिला रडूच फुटलं. तसलं प्लाय आता पुढच्या महिन्याशिवाय मिळणार नव्हतं. "एका माणसाला दोन दारं काय करायचीत?"

तो करवत बाजूला ठेवून खाली बसला. "वीस वर्षांत असं झालं नव्हतं. क्लॅम्प काढायचेच विसरलो. तुमच्याकडे बघत होतो. तुम्ही मला आवडता, सिस्टर."

"सिस्टर नका हो म्हणू, निदान आता तरी!" ती डोळे पुसत म्हणाली. "घरी सगळ्यांचं मी करते. वॉर्डात बावीस जणांचं करते. आणखी एक माणूस... माझ्यात आता त्राणच नाही."

"माझं काही करू नका." तो मान खाली घालून बोलत होता. "मला पहाटे पाचला जाग येते. एकच दार असतं तर तुम्हाला ओलांडून जावं लागलं असतं. आता माझ्या बाजूने गुपचूप बाहेर पडेन. तुमची झोप मोडू देणार नाही."

तिच्या डोळ्यांचं, हातांचं कौतुक याआधीही कुणीकुणी केलं होतं. पण असला शब्द तिला आजवर कुणी दिला नव्हता.

"या खेपेला मी एकटीच जाणार," ती म्हणाली.

"जा ना."

"एकवीस दिवस नुसती झोपणार."

"झोपा."

"पण ते दुसरं दार बुजवू नका. बिजागऱ्या लावा, चांगलं कुलूपही लावा... आणि त्याची किल्ली तुमच्याजवळ ठेवा."

त्याने झटकन वर पाहिलं. ती भिंतीला टेकली होती, डोळे अर्धे मिटलेले.

"मलाही तुम्ही आवडता हो," ती म्हणाली. "आज फार दमलेय, नाहीतर नीट सांगितलं असतं."

"घाई नाही," तो म्हणाला. "आधी झोप काढून या."