समोरची खुर्ची

उकडलेल्या तुरीच्या शेंगांचा वास थेट फाटकापर्यंत आला होता. मृण्मयी लातूरच्या बसमधून उतरून नांदेडजवळच्या विष्णुपुरीतल्या बाबांच्या घरी पोचली, तर स्वयंपाकघरात एक अनोळखी तरुण! खांद्यावर टॉवेल, हातात झारा.

"कोण पाहिजे?" वर त्यानंच विचारलं.

"हे माझं घर आहे."

"म्हणजे तुम्ही मृण्मयी मॅडम!" त्याचा चेहरा खुलला. "सरांनी सांगितलंय. लातूरच्या कॉलेजात शिकवतात, पुस्तकं लई वाचतात, आणि फोनवर 'बरं'च्या पुढं जात न्हाईत."

"बरं," मृण्मयी म्हणाली, आणि तिचं तिलाच हसू आलं. "आणि आपण?"

"महांतेश. निलंग्याचा. विद्यापीठात पीएच.डी. करायलोय, अन् सरांच्या वर्गात हाताखाली असतो. शेंगा आमच्या रानातल्या हायत. आधी खा, मग रागवा. रागवायला जोर लागतो."

तिनं एक शेंग उचलली. खारट, कोवळी, गरम. राग काही येईना.

बाबांचा, म्हणजे शेषेरावांचा, वर्ग पुढच्या खोलीत भरायचा. इंग्रजीचे प्राध्यापक म्हणून निवृत्त झाले, तरी त्यांचा खडू सुटला नव्हता. येमेन, इराकहून नांदेडला संशोधनासाठी आलेली मुलं त्यांच्याकडे इंग्रजी लिहायला शिकत. बोलायला ही मुलं मोठी रसाळ. पण कागदावर एक वाक्य सुरू झालं की 'आणि', 'आणि' करत पानाच्या टोकाला जाऊनच टेकायचं. अरबीत ते कानाला गोड लागतं. इंग्रजीत वाचणाऱ्याला धाप लागते.

त्यावर शेषेरावांची एक रीत होती. दोन-दोन खुर्च्या समोरासमोर. एकानं आपलं वाक्य मोठ्यानं सांगायचं, दुसऱ्यानं फक्त विचारायचं, "मग?" उत्तर आलं की वाक्यात अर्थ भरत जायचा. समोरच्याचा चेहरा गोंधळला की समजायचं, इथं थांबून दुसरं वाक्य धरायचं. लिहायचं ते त्यानंतर. इंग्रजीच्या त्या वर्गात मराठीचा 'मग' एवढा एकच शब्द चाले, आणि तो साऱ्यांना तोंडपाठ होता.

संध्याकाळी मुलं गेली. शेषेरावांनी एक खुर्ची ओढली.

"ये मृणू, बस समोर. एक वाक्य सांग बघू."

"बाबा, बस चुकेल."

"दुसरी येईल की. एक वाक्य!"

"पुढच्या रविवारी," ती हसत म्हणाली आणि चपला घालून निघालीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी महांतेशचा फोन आला. शेषेराव झोपेतच गेले होते.

चौदावा झाला. मृण्मयी चारचौघांत रडली नाही. तिचा तो स्वभावच नव्हता. मुलांचं सत्र अर्ध्यावर होतं, ते पुरं करायचं आणि मग घराला कुलूप लावायचं, असं तिनं ठरवलं. दर शनिवारी ती लातूरहून येऊ लागली. आल्या आल्या तिनं खोली झाडली, खुर्च्या फळ्याकडे तोंड करून ओळीत मांडल्या. ती शिकवायचीही सुरेख. पण मुलं खाली मान घालून बसत. वह्या कोऱ्या, नाहीतर तिच्या लाल शाईनं भरलेल्या.

"काय चुकतंय माझं?" एकदा तिनं महांतेशला विचारलं.

"खरं सांगू? रागवणार न्हाईत?"

"शेंगा आणल्यात का?"

तो हसला. मग एक खुर्ची उचलून त्यानं ती मागच्या खुर्चीकडे तोंड करून ठेवली. "मॅडम, इथं आता सगळ्यांना एकमेकांच्या पाठी दिसतात. त्यांनी लिहावं कुणाला?"

मृण्मयीनं दुसरी खुर्ची फिरवली... मग तिसरी. शेवटच्या खुर्चीला दोघांचेही हात एकदमच लागले. लगेच कुणी काढले नाहीत.

त्या दिवसापासून घर पुन्हा "मग? मग?"नं दणाणू लागलं. शनिवारी थांब्यावर महांतेशची मोटारसायकल उभी असे.

"आज बस लवकर आली," ती म्हणे.

"मी तिच्या आधी आलो. आणि मॅडम, आज तुम्ही सबंध वाक्य बोलल्या. प्रगती हाय."

"टोमणे मारायला येता की न्यायला?"

"नेताना मारतो. येळ वाचतो."

तिला आठवडाभर हे बोलणं पुरे. पण 'तुमची वाट पाहत होते' एवढं तिच्या ओठांवर कधी आलं नाही. आता सत्र संपत आलं होतं. महांतेशला लांब देवणीच्या कॉलेजात नोकरी लागली होती, सोमवारी रुजू व्हायचं होतं. घराचं कुलूप तिच्या पिशवीत होतं.

शेवटच्या तासाला येमेनचा वालीद उठला. पूर्वी त्याचं वाक्य पानभर पळायचं. आज तो सावकाश वाचत होता:

"माझी आई सना शहरात राहते. तिला इंग्रजी येत नाही. तरी मी रोज फोनवर तिला माझं वाक्य वाचून दाखवतो, कारण ती सगळं समजल्यासारखी ऐकते."

"मग?" कुणीतरी विचारलं.

"मग ती म्हणते, उद्याही वाच."

वालीदनं बाबांची खुर्ची पुढे सरकवली. "आता मॅडम."

मृण्मयीच्या मनात आलं, बस आहे म्हणावं... पण ती बसली. समोरच्या खुर्चीत महांतेश येऊन बसला. ती मराठीतच बोलली. मुलांना शब्द कळले नाहीत, पण सगळी पुढे वाकून ऐकू लागली.

"माझा बाबांवर फार जीव होता."

"मग?" महांतेशनं हळूच विचारलं.

"मी ते कधी बोलले नाही. त्यांना ठाऊकच असणार, असं धरून चालले. त्या दिवशी ते खुर्ची ओढून बसले होते, आणि मी चपला घातल्या."

डोळे पुसत महांतेश कसाबसा म्हणाला, "बरं..."

"बरं नाही." ती रडत होती आणि हसतही होती. "'मग' विचारायचं असतं."

"मग?" सगळा वर्ग एका सुरात ओरडला.

मृण्मयीनं पिशवीतलं कुलूप काढून खिडकीत ठेवलं.

"मग वर्ग चालूच राहणार. आणि महांतेश, माझा तुमच्यावर जीव जडलाय. देवणीला खुशाल जा... पण शनिवारी मी बसमधून उतरले की समोर तुम्हीच पाहिजेत."