वाल्मिकच्या ट्रॅक्टरचं हेड

ट्रॅक्टरचं हेड फुटलं म्हणून मी केडगावला गेलो होतो. काम एवढंच होतं.

हेड म्हणजे इंजिनावरचं ओतीव लोखंडाचं झाकण. माझा ट्रॅक्टर जुना, परदेशी बनावटीचा. कंपनी केव्हाच बुडाली. आमच्या नेवाशात सगळे म्हणाले, नवा घ्या. मी लोकांचं ऐकत नाही. एक डुप्लिकेट हेड आणून पाहिलं. बोल्ट बसले, पण पाण्याची भोकं जुळेनात. पाणी तेलात उतरलं. ते परत केलं आणि केडगावच्या हैदरच्या भंगारात गेलो.

हैदर मला बघून हसला.

“या चाचा. जास्त म्हातारा कोण, ट्रॅक्टर का तुमी?”

“दोघंबी चालू हाय.”

“चालू असता तर माझ्याकडं कशाला आला असता?”

त्यानं चहा सांगितला आणि मला पत्र्यामागं नेलं. भर दुपार. लोखंडाला हात लावला तर फोड यावा असं ऊन. ढिगाच्या कडेला एक हेड पालथं पडलं होतं. माझ्याच ट्रॅक्टरच्या बनावटीचं.

“दोघांनी नेलं, दोघांनी परत आनलं,” हैदर म्हणाला. “बसतंय बराबर, पन सुकतच न्हाई. उन्हाळाभर हितं पडलंय. हात लावून बघा.”

मी हात लावला. गार होतं. पाण्याच्या भोकांत काळा गाळ होता, ओला. वास आला... बुजलेल्या विहिरीचा.

हेड उलटं केलं. एका कडेला चीर होती आणि तिच्यात पितळ भरलेलं होतं, बोटाएवढं, वाकडं. ते पितळ मी ओळखलं. नगरला समोर उभं राहून मीच ते भरून घेतलं होतं. माझ्या धाकट्या भावाच्या ट्रॅक्टरसाठी.

आम्ही तिघं भाऊ. मी थोरला, मधला कारभारी, शेवटचा वाल्मिक. मिरजगावला एकत्र होतो तेव्हा दोन सारखे ट्रॅक्टर घेतले. एक मी चालवायचो, एक वाल्मिक. एकदा ट्रॅक्टर मागं घेताना विहिरीचा काठ ढासळला आणि वाल्मिक ट्रॅक्टरसकट आत गेला. तळाला गाळ फार. क्रेनला काही लागलं नाही. ना ट्रॅक्टर, ना माणूस. शेवटी विहीर मुरमानं बुजवली. तीच त्याची समाधी. मी आणि कारभारीनं बेलभंडारा उचलून शपथ घेतली, ही जागा कोणी उकरायची नाही.

पुढं मी नेवाशाकडं जमीन घेतली. समाधी कारभारीच्या राखणीत राहिली. दर वर्षी मी जाऊन तिथं नारळ फोडायचो. यंदा त्याचा फोन आला. “दादा, ऊन लई हाय. तू नको येऊ. नारळ मी फोडतो.” मला बरं वाटलं. भावाला माझी काळजी आहे असं वाटलं.

“कोणी आनलं हे?” मी हैदरला विचारलं.

“मिरजगावचे कारभारी म्हनून हायेत, त्यांनी. वळखीचे हायेत का?”

चहा तसाच राहिला. हेड टेम्पोत टाकलं आणि सरळ मिरजगाव गाठलं.

समाधीच्या जागी खड्डा होता. मातीच्या भिंतीवर पोकलेनच्या दातांचे ओरखडे होते. कारभारी दारात बाजेवर बसला होता. मला बघून उठला नाही.

“रस्त्याला मुरूम पायजे हुता,” तो म्हणाला.

“वाल्मिक कुठंय?”

“दादा... काय न्हवतं. ट्रॅक्टर निघाला, सीट मोकळी. हाड न्हाई, कापड न्हाई. तळ लागंपर्यंत उकरलं. मंग समाधी कसली?”

“मला का न्हाई सांगितलंस?”

“तू उकरू दिलं नसतंस.”

“आनि नारळ?”

त्याची बायको विजयमाला पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. तीच हळू आवाजात बोलली. “न्हाई फोडला, दादा.”

मी ते पाणी घेतलं नाही.

घरी येऊन हेड बसवलं. वाल्मिकची वस्तू भंगारात पडू देणार नव्हतो. गाळ तारेनं काढला. काढावा तेवढा पुन्हा दिसायचा. बोल्ट मात्र एकही अडला नाही, सगळी भोकं जुळली. इंजिन पहिल्याच झटक्याला सुरू झालं. सायलेन्सरमधून धुराच्या आधी पाणी आलं... काळं. थोड्या वेळानं मी बंद करायचा दांडा ओढला. इंजिन थांबलं, पण लगेच नाही. त्याला वाटलं तेव्हा.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी शेडमध्ये बसलो होतो. समोर ट्रॅक्टर. बॅटरीची तार मी काढून ठेवली होती. बाहेर पाखरूसुद्धा बोलत नव्हतं. फोन वाजला. कारभारी होता.

“दादा, भांडायला आलास ना? मंग खाली उतर की. खड्ड्याच्या कडंला कशाला उभा केलास ट्रॅक्टर?”

त्याच्या आवाजामागं इंजिन चालल्याचा आवाज येत होता. माझ्या पुढ्यातलं इंजिन बंद होतं.

“उन्हात तोंड दिसंना तुजं... बोल की कायतरी.”

मी बोललो नाही.

“बरं, चुकलं माजं. तू नको उतरू. थांब... मीच चढतो.”

मी नेवाशात आहे, चढू नकोस. इतकंच म्हणायचं होतं. शब्द ओठांवर आला होता. पण ज्यानं बेलभंडारा मोडला त्याला सावध करणं माझ्या जिवावर आलं.

फोन कानालाच होता. समोर बघितलं तर ट्रॅक्टरच्या सीटची स्प्रिंग पार खाली दबलेली होती. कधीपासून, कोण जाणे. सीटवर कोणी नव्हतं.

मग चालवणाऱ्याच्या शेजारी दुसरा माणूस बसतो ते डावं मडगार्ड करकरलं, आणि माणूस टेकल्यासारखा त्याचा पत्रा वाकला.