सहावी टोपली

"सात किलो तांबं पुरे होईल," असं म्हणून वहिनीच्या नवऱ्यानं कागदावर सातचा आकडा काढला, त्याखाली ठसठशीत दोन रेघा ओढल्या, आणि चहाचे कप घेऊन येणारी वहिनी दारातच थांबली... सात किलो! पुन्हा तीच घंटा, पुन्हा तोच तडा, आणि या खेपेला...

ती सगळ्या कारखान्याची वहिनी होती. भट्टीवरच्या माणसांनी लग्नानंतर पहिल्याच दिवशी ठेवलेलं हे नाव घरातही असं चिकटलं की तिची लेकसुद्धा लहानपणी तिला वहिनीच म्हणायची. तीच लेक आता बापाशेजारी पेन्सिल कानावर खोचून बसली होती, आणि खिडकीपाशी आपल्या खुर्चीत आप्पा, म्हणजे वहिनीचे सासरे, बाहेर अंगणाकडे तोंड करून बसले होते. ऐंशीच्या घरात गेलेले आप्पा. उभी हयात घंटांच्या सोबतीत काढल्यामुळे कान जवळजवळ गेलेले, पण पाठ अजून ताठ.

अंगणात ती पडली होती. दोन दिवसांपूर्वी गावच्या मनोऱ्यावरून उतरवलेली, माणसाच्या खांद्याएवढी उंच, काठापासून कमरेपर्यंत तडकलेली घंटा. तिला वितळवून तिच्याच कांशाची नवी घंटा ओतायची होती. उद्यापासून मातीचा साचा बांधायला घ्यायचा, आणि त्याचं माप धातूवर ठरणार, म्हणून तांबं किती लागणार ते आजच ठरायला हवं होतं.

घंटेचं कांसं म्हणजे तांबं आणि कथील, एवढं तर कुणीही सांगेल. खरी विद्या मापात आहे. कथील कमी पडलं तर घंटेचा आवाज बसतो, आणि जास्त झालं तर आवाज तेवढा गोड येतो पण अंग ठिसूळ होतं, काचेसारखं. या घरात कथील तोलायचं काम पिढ्यानपिढ्या बायकांकडे. भट्टीच्या तोंडाशी दोन-दोन दिवस उभ्या असलेल्या पुरुषांची डोकी तापलेली असतात, डोळ्यांतून पाणी वाहत असतं, म्हणून तराजू आतल्या गार खोलीत, थंड डोक्याच्या माणसाच्या हातात. मोठ्या घंटेला पाच टोपल्या कथील. सहावी तोलून तयार ठेवायची, पण ती अडीनडीची. तिला हात लावायची वेळ वहिनीच्या सासूच्या जन्मात एकदाही आली नव्हती.

अकरा वर्षांपूर्वी आली.

त्या दिवशी आप्पा दोन रात्रींचे जागे होते. पाचवी टोपली वहिनीनं स्वतः नेऊन दिली होती, तिच्या डोळ्यांदेखत कथील वितळलेल्या तांब्यात उतरलं, वर एकदा पांढरी झाक आली आणि विरून गेली. त्या दृश्याकडे ती नेहमीच भान हरपून बघायची. एवढा जड धातू, पाण्यासारखा डुचमळणारा, स्वतःच्याच उजेडानं उजळलेला... त्यापुढे माणूस म्हणजे काय! तेवढ्यात आप्पांनी कपाळावरचा घाम निपटला, मागे वळले आणि म्हणाले, "पाचवी आण."

ती जागीच थबकली. नवरा पलीकडे साच्याच्या खड्ड्यात उतरलेला, गडी कोळसा ओढण्यात गुंतलेले. ऐकणारं कुणीच नव्हतं. आप्पा, घातली की आत्ताच, एवढे चार शब्द तिच्या ओठांपर्यंत आले होते. पण भट्टीवर आप्पांना उलटून बोललेला माणूस अजून जन्माला यायचा होता, आणि ती तर सून! त्यांना कांशात काहीतरी दिसलं असेल, आपल्याला काय कळतंय, अशी स्वतःची समजूत घालत ती आत गेली आणि सहावी टोपली घेऊन आली.

ही तिची चूक. तिनं तिला दुसरं कुठलंही नाव कधी दिलं नाही.

घंटा नऊ दिवस मातीखाली निवली, मनोऱ्यावर चढली, सगळं गाव चौकात लोटलं. पहिला टोल पडला तो असा सुरेल की माणसांच्या अंगावर काटा आला. तिसऱ्या टोलाला कट्‌ असा आवाज झाला आणि संपलं. शेकडो माणसांच्या माना आप्पांकडे वळल्या. त्यांचा चेहरा राखेसारखा झालेला वहिनीनं पाहिला, आणि त्या चेहऱ्याकडे बघवेना म्हणून ती पुढे झाली. "माझ्याकडून वजनात चूक झाली," ती म्हणाली. "दोन किलो कथील जास्त पडलं असणार."

दोन किलो! अख्खी टोपली म्हटलं असतं तर कुणीही विचारलं असतं की ती भट्टीपर्यंत गेली कशी, मागितली कुणी. दोन किलो म्हणजे तराजूचा दोष, बाईच्या जातीचं लक्ष नसणं, बस्स. लोकांना ते लगेच पटलं. घरच्यांनाही पटलं, आणि हेच तिला जास्त लागलं.

दुसरी घंटा करून घ्यायची मनोऱ्याच्या समितीची ऐपत नव्हती, म्हणून यंदा पैसे जमेपर्यंत तडकलेलीच वर टांगलेली राहिली. तासातासाला तिचा फुटक्या घमेल्यासारखा आवाज गावावरून जायचा. गावानं तिचं नाव ठेवलं खोकली. "खोकली बारा वेळा खोकली, चला जेवायला," असं म्हणत दुकानदार हसत उठायचे. वहिनी मात्र ते टोल मोजायची. एकही चुकवला नाही तिनं. मोठ्या घंटांची कामं या घराकडे येणं बंद झालं आणि ज्या भट्टीत मनोरे बोलके करणारं कांसं उकळलं होतं, तिच्यात नळाच्या तोट्या आणि दारांच्या कड्या ओतल्या जाऊ लागल्या. कथिलाच्या खोलीची किल्ली आप्पांनी तिच्याकडून मागून घेतली, तिच्या तोंडाकडे न बघता. त्या दिवसापासून त्यांनी तिच्या नजरेला नजर दिली नाही आणि भट्टीलाही हात लावला नाही. नवरा वाईट बोलला नाही कधी. तो त्या दिवसाबद्दल काहीच बोलला नाही, अकरा वर्षं. तिनं मीठ जरी हातानं अंदाजानं घातलं तरी तो नकळत मान वर करून बघायचा.

हे सगळं तिनं सोसलं, आणि तेही कुढत नाही. आपल्या गप्प बसण्यानं घंटा गेली, तर आपल्या बोलण्यानं एका म्हाताऱ्या माणसाची आब राहिली, असा हिशोब तिनं मनाशी जुळवून टाकला होता. पण कांशाला असले हिशोब कळत नाहीत! तिचं खोटं त्या घंटेच्या अंगात तसंच बसून होतं. वजनावरूनही काही उमगायला मार्ग नव्हता, कारण ओतताना थोडं भट्टी खाते, थोडं साच्याकडे जाणाऱ्या नाल्यांत राहतं. दोन किलो जादा कथील धरून नवऱ्यानं सात किलो तांबं काढलं, आणि त्याचं गणित चोख होतं. फक्त त्याला दिलेला आकडा खोटा होता.

आणि आता तराजू लेकीच्या हातात होता. पुन्हा तडा गेला तर माना तिच्याकडे वळणार होत्या. आईसारखीच निघाली, म्हणणार होते लोक.

वहिनीनं कप टेबलावर ठेवले. आवाज स्थिर निघाला, याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

"अहो, सात किलो नाही पुरणार. दोन किलो जास्त नव्हतं पडलं. एक टोपली जास्त गेली होती. अख्खी."

नवऱ्यानं पेन्सिल खाली ठेवली.

"अकरा वर्षांनी?" तो हळूच म्हणाला. "अकरा वर्षं दोन किलो म्हणालीस, आणि आज साचा बांधायच्या आदल्या दिवशी टोपली म्हणतेस? कुठलं खरं धरू मी?"

"हे धरा."

"मग तेव्हा खोटं का बोललीस?"

इथे ती अडली. खिडकीपाशी आप्पा पाठमोरे बसले होते, त्यांना यातलं काही ऐकू जात नव्हतं, आणि उरलेले चार दिवस त्यांना ताठ मानेनं जगू द्यावं एवढंच तर तिला हवं होतं. माझा गोंधळ झाला, मी दोनदा पाठवली, असं ती म्हणाली. नवऱ्याचा चेहरा कडवट झाला. चुकून दोन किलो जास्त पडू शकतात, पण बावीस किलोची टोपली चुकून चालत येत नाही, हे त्याचं म्हणणं बरोबरच होतं. तू आज घाबरली आहेस, तुझ्या भीतीपायी मी एवढं तांबं ओतलं आणि आवाज बसला तर पुढच्या पिढीचीही कामं गेली, असं म्हणून त्यानं कागदाची घडी घातली. लेक एकदा आईकडे, एकदा बापाकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं होतं. मग ती उठली, आजोबांच्या खुर्चीपाशी गेली, त्यांच्या कानाशी वाकली आणि मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून तिनं विचारलं, "आप्पा, वहिनी म्हणतेय, अकरा वर्षांपूर्वी एक टोपली जास्त गेली. खरं का?"

"नको गं..." ती पुटपुटली.

आप्पांनी वळायला वेळ घेतला. आधी खुर्चीचे हात धरले, मग उठून उभे राहिले, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी सुनेच्या डोळ्यांत पाहिलं.

"सहा टोपल्या होत्या," ते म्हणाले. "भट्टीशेजारी रिकाम्या पडलेल्या. ओतून झाल्यावर मी बसलो आणि मोजल्या. पाच हव्या होत्या, सहा होत्या. मला आठवेना मी केव्हा मागितली... पण मागितल्याशिवाय ही आणणार नाही, हे माहीत होतं."

नवऱ्यानं घडी घातलेला कागद पुन्हा उलगडला.

"मी उठलो आणि एक टोपली दुसरीत घातली. पाच दिसाव्यात म्हणून." त्यांनी आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं. "या हातांनी. नऊ दिवस घंटा मातीत निवत होती आणि मी रोज म्हणत होतो, उद्या सांगेन. मग ती पुढे झाली, सगळ्यांसमोर, आणि मी तिला बोलू दिलं. तिनं दोन किलो म्हटलं तेव्हाच मला कळलं की ती कुणाला झाकतेय. किल्ली का मागितली विचार मला. तिच्या कमरेला ती बघवत नव्हती मला."

वहिनीला भोवतालची खोली दिसेनाशी झाली. अकरा वर्षं ज्याला ती राग समजत होती, ती लाज होती! भिंतीच्या अलीकडे ती आणि पलीकडे हा डोंगराएवढा माणूस, दोघं एकच टोपली डोक्यावर घेऊन चालत होती आणि एकमेकांना चाहूल लागू देत नव्हती... तिला त्यांचा राग यायला हवा होता. कदाचित पुढे येईलही, तिला वाटलं. आत्ता मात्र तिच्या मनात फक्त विस्मय दाटून आला, माणसाच्या अंतःकरणात केवढं काय गोठून राहू शकतं याचा.

आप्पा हात जोडायला लागले. तिनं झटकन पुढे होऊन ते हात धरले.

"तसं करू नका, आप्पा. मी गप्प बसले नसते तर हे झालंच नसतं."

"तू गप्प बसलीस क्षणभर," म्हातारा म्हणाला. "मी अकरा वर्षं."

नवऱ्यानं तोंड हातांत लपवलं होतं. त्याचे खांदे हलत होते. त्यानं मान वर केली तेव्हा तो बापाशी बोलला नाही, बायकोशी बोलला. "मी तुला एकदाही विचारलं नाही गं, नेमकं काय झालं होतं ते. इतकी वर्षं एका ताटाशी बसून जेवलो आपण, आणि एकदा विचारलं नाही." तिनं गार झालेला चहा उचलला आणि पुन्हा गरम करायला घेऊन गेली. तो तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात आला आणि चहा उकळेपर्यंत नुसता तिच्याजवळ उभा राहिला.

लेकीनं गणित पुन्हा मांडलं. कथील एकदा कांशात गेलं की परत काढता येत नाही, तांबंच वाढवावं लागतं, आणि ते निघालं सत्त्याहत्तर किलो. म्हणजे घंटा आता पहिल्याहून मोठी होणार, तिचा आवाज खाली उतरणार, मनोऱ्याची तुळई तिला पेलेल का तेही जाऊन बघावं लागणार. भट्टी पेटली त्या दिवशी आप्पांनी चौकात समितीच्या माणसांना बोलावलं आणि उभं राहून सगळं सांगितलं. वहिनीनं विनवण्या केल्या होत्या, त्यांनी ऐकलं नाही. ज्या दुकानदारांनी खोकलीवर अकरा वर्षं हसून घेतलं होतं ते खाली माना घालून पायांकडे बघत राहिले. काहींनी पुढे तिच्याशी बोलायचं टाळलं, कारण आपण कुणाला हसलो हे कळल्यावर माणसाला तोंड दाखवणं जड जातं.

नऊ दिवसांनी अंगणात माती उकरली. तिवईला टांगलेली ती नवी घंटा उन्हात काळसर पिवळी दिसत होती, अंगावर अजून साच्याची चिकटलेली माती, आणि एवढी प्रचंड की लेक तिच्यामागे उभी राहिली तर दिसेना. या खेपेला मनोऱ्यावर न्यायच्या आधी घरच्यांनी एकदा वाजवून बघायची ठरवली होती. नवऱ्यानं लाकडी हातोडा उचलला. वहिनी भिंतीला टेकून उभी होती.

टोल पडला.

तो आवाज आधी ऐकू आलाच नाही, पायांतून वर चढला. मग भिंतीतून, छातीतून, आणि मग सगळं अंगण, सगळं आकाश त्यानं भरून टाकलं. खोल, संथ, कुणावरही न रागावलेला. रस्त्यावरची माणसं चालता चालता थांबली. गड्यांनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. दुसरा टोल पडला. तिसरा पडला... आणि घंटा अभंग होती! नवऱ्यानं हातोडा खाली टाकला आणि तो लहान मुलासारखा रडू लागला.

आप्पांना काहीच ऐकू आलं नव्हतं. ते हळूहळू चालत घंटेपाशी गेले आणि त्यांनी बोटांची टोकं तिच्या अंगाला अलगद लावली, झोपलेल्या बाळाला लावावीत तशी. त्यांचे ओठ हलत होते. ते मोजत होते. अंगणातल्या बाकीच्यांना वाटलं नाद विरला, गडी आपसांत बोलायलाही लागले, तरी आप्पांनी बोटं काढली नाहीत.

"अजून आहे," ते म्हणाले. त्यांनी वळून वहिनीला जवळ बोलावलं, तिचा हात आपल्या हातात घेतला आणि तिची बोटं घंटेवर टेकवली. "बघ पोरी. अजून आहे."

वहिनीनं डोळे मिटले. धातूच्या आत, खूप खोलवर, काहीतरी बारीक थरथरत होतं, आणि थांबत नव्हतं.