आजोबा दीड तास जागे होते

जिन्यात तो भेटला तेव्हा हेमालीला तो औषधाच्या दुकानातला वाटला. चौकड्यांचा शर्ट, काखेत हेल्मेट, डोळ्यांवर अजून झोप. पापडीच्या त्या लहानशा हॉस्पिटलात सकाळी आठ वाजता दुसरं कुणी दिसतही नव्हतं.

"अहो, जरा थांबता का? भूलवाले डॉक्टर आले का?"

"येतील एवढ्यात. का?"

"कसे आहेत ते? म्हणजे... तापट आहेत का?"

"चहा मिळाला नाही तर थोडे आहेत."

"आज मिळालाय का?"

"अजून तरी नाही," तो म्हणाला आणि हसला. हसला तो जरा जास्तच छान, असं हेमालीला वाटलं, पण तेव्हा तिचा जीव टांगणीला लागला होता. तिने मूठ उघडली. आत केळीच्या सुक्या पानाचे दोन तुकडे होते.

"हे आजोबांच्या उशीखाली सापडलं."

मग तिने भडाभडा सगळं सांगून टाकलं. तिचे आजोबा, शंकरराव, वय अठ्ठ्याहत्तर. गुरुवारी भुईगावच्या वाडीत, पाटाच्या कडेला पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. आज नऊला ऑपरेशन. रात्री बारानंतर पोटात काही जाता कामा नये, असं नर्सने तीनतीनदा बजावलेलं. आणि सकाळी सातला द्वारकाआजी केळीच्या सुक्या पानात गुंडाळलेल्या सुकेळ्यांचं पुडकं घेऊन हजर. यंदाच्या राजेळी केळ्यांची पहिली सुकेळी उन्हात वाळून तयार झाली होती. घरातल्या मोठ्या माणसाने चाखून 'जमलीत' म्हटल्याशिवाय त्यांच्याकडचं एकही पुडकं बाजारात जात नाही. आजीच्या मते ते खाणं नव्हतंच, घरचा कारभार होता. आजोबांनी तो चोख केला. एक चाखलं, खात्री पटेना म्हणून दुसरं चाखलं.

"मी काय म्हणते..." हेमालीचा आवाज खाली आला. "नाही सांगितलं तर चालून जाईल ना? दोनच तर आहेत. आणि पूर्ण भूल देणारच नाहीयेत. पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालीच बधिर करणार आहेत."

त्याच्या डोळ्यांतली झोप एकदम उडाली.

"त्यांना दमा आहे, म्हणून तसं ठरवलंय. पण समजा, तेवढ्याने भागलं नाही, तर ऐन वेळी पूर्ण भूल द्यावी लागते. मग पोटातलं वर येऊन छातीत उतरलं, तर या वयात, दम्याच्या माणसाला ते झेपत नाही."

"तुम्हाला बरीच माहिती आहे."

"थोडीफार आहे. मी सुमेध साळवी. भूलवाला."

हेमालीला जिना पोटात घेईल तर बरं असं झालं.

"रागावलात?" तिने विचारलं.

"लपवलं असतंत तर रागावलो असतो. आणि मागाहून कळलं असतं तर..." त्याने वाक्य सोडून दिलं. "किती वाजता खाल्लं म्हणालात? सात? म्हणजे एक वाजेपर्यंत थांबावं लागेल."

पण थांबायचं कसं? हाडांचे डॉक्टर क्लेमेंट यांना दुपारी विरारला दुसरी केस होती. आज शनिवार. आज राहिलं की सोमवार उजाडणार. दोन रात्रींतच आजोबांच्या छातीत घरघर सुरू झाली होती. असेच आणखी दोन दिवस उताणे पडून राहिले तर ते परत उठतील की नाही, याची हेमालीला धास्ती होती. बी.कॉम. झाल्यावर मुंबईच्या नोकऱ्या सोडून ती ज्यांच्याबरोबर वाडीत राबली, ते तिचे आजोबा होते. वाडीत त्यांच्याशिवाय चालण्याची तिला सवयच नव्हती.

डॉक्टर क्लेमेंट यांच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आत सुमेध बोलत होता, ते सगळं तिला ऐकू येत होतं.

"सर, विरारची केस आधी करून या. तिथल्या भूलतज्ज्ञांना मी फोन करतो. एकला इथे सुरू करू."

"आणि तू तोवर काय करणार?"

"इथेच थांबतो."

"शनिवारचा थांबतोस? काय देणार आहेत हे लोक तुला?"

"चहा देतील बहुतेक."

डॉक्टर क्लेमेंट कुरकुरत उठले, पण गाडीची किल्ली घेऊन गेले. हेमालीने धावत जाऊन चहा आणला. घाईत अर्धा चहा बशीत सांडला होता. त्याने तो बशीतलाच आधी पिऊन टाकला.

आता आजोबा अडून बसले. "जागं ठेवून हाड ठोकणार? मला नाही जमायचं बाबा. ते ठकठक ऐकत मी एकटा पडून राहू होय?"

"एकटे कशाला?" सुमेध त्यांच्या खाटेवर टेकला. "मी तुमच्या डोक्याशी बसणार. तुम्ही बोलायचं, मी ऐकायचं. तुम्ही बोलताय म्हणजे श्वास बरा चाललाय, हे मला कळत राहतं."

"कशाबद्दल बोलू?"

"काहीही चालेल."

आजोबांनी नातीकडे बघितलं, मग डॉक्टरकडे बघितलं. "ने मग," ते म्हणाले.

एकला दार बंद झालं. द्वारकाआजी बाकावर डोळे मिटून पुटपुटत बसली. सुकेळ्यांचं पुडकं तिने पिशवीच्या पार तळाशी दडवलं होतं. दीड झाला... दोन झाले... हेमाली उभी राही, पुन्हा बसे. अडीच व्हायला आले तेव्हा दार उघडलं आणि डोक्यावरची टोपी काढत सुमेध बाहेर आला.

"छान झालं. काही अडचण आली नाही. पाय अजून बधिर आहेत, संध्याकाळपर्यंत शुद्धीवर येतील. आजोबा तर शुद्धीवरच होते."

हेमाली मटकन आजीशेजारी बसली. तीन दिवस दाबून ठेवलेलं रडू एकदम आलं, आणि ते इतकं मोकळं होतं की तिला त्याची लाजही वाटली नाही. आजीने डॉक्टरचा हात दोन्ही हातांत धरला, तो बराच वेळ सोडलाच नाही.

"दीड तास बोलत होते," तो म्हणाला.

"काय बोलले?" हेमालीने डोळे पुसत विचारलं.

"तुम्ही आठवीत चिंचेवरून पडलात. आमटीत मीठ घालायला विसरता. आगाशीच्या स्थळाला नाही म्हणालात, कारण त्या मुलाने वाडीत येऊन डासांबद्दल तक्रार केली."

"आजोबा पण ना..." तिचे कान तापले. "अजून काय?"

"मला विचारलं, लग्न झालंय का."

"मग? काय सांगितलंत?"

"म्हटलं, आजोबा, जरा ब्लडप्रेशर बघू द्या."

रविवारी तो आला नाही. भूलतज्ज्ञ ऑपरेशननंतर सहसा पुन्हा येतही नाहीत, असं नर्स म्हणाली. आणि तरी जिन्यात पाऊल वाजलं की हेमालीची मान वळत होती. आपण त्याची वाट बघतोय, हे तिने संध्याकाळपर्यंत स्वतःशी कबूलही करून टाकलं.

सोमवारी आजोबांना वॉकर देऊन उभं केलं, नेमका तेव्हाच तो दारात आला.

"पायातला बधिरपणा गेला का, बघायला आलो."

"तो शनिवारीच गेला," हेमाली म्हणाली. "तुम्हीच सांगितलं होतंत."

"हो... सांगितलं होतं." त्याने हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं. "मग खरं ते सांगतो. माझं लग्न झालेलं नाही. आणि मला तुम्ही आवडता. घाई होतेय, कळतंय मला. काल दिवसभर न येऊन बघितलं, पण — जमलं नाही. मी चालेन तुम्हाला?"

आजोबांनी वॉकर पुढे टाकला. एक पाऊल, मग दुसरं. हेमाली त्यांच्या पाठीला हात लावून चालत होती. मग तिच्या लक्षात आलं, हाताला भारच लागत नाहीये. आजोबा आपल्या पायांवर चालले होते. तिने हात हळूच काढून घेतला आणि सुमेधकडे वळली.

"हो," ती म्हणाली, अगदी हळू.

"काय गं बाय?" पुढून आजोबांनी विचारलं. मान मात्र वळवली नाही, सगळं लक्ष पावलांवर. "मला म्हणालीस?"

"नाही आजोबा. त्यांना म्हणाले."

"मग जरा मोठ्याने म्हण. त्याला ऐकू गेलं नसेल."

"गेलं आजोबा," सुमेध म्हणाला.

"बरं झालं," आजोबा म्हणाले, आणि दारापर्यंत एकटेच चालत गेले.