कोरा चौकोन

जमीन कधी खोटं बोलत नाही, असं मोजणीदार लक्ष्मणराव गंभीरपणे सांगत. ती सोय त्यांच्या खोडरबरात होती.

१९६६चा एप्रिल. होऊ घातलेल्या धरणासाठी दिग्गीकडचे डोंगर आकड्यांत उतरवायचं काम त्यांच्याकडं होतं. शहरातल्या गणकयंत्राला नकाशा कळत नसे, भोकं पाडलेली कार्डं कळत. म्हणून नकाशावर चौकोन आखायचे आणि प्रत्येकात उंची लिहायची. कार्डं कमी लागावीत म्हणून नियम होता : डावीकडच्याइतकीच उंची असेल तर चौकोन कोरा सोडायचा. बाकीचं यंत्र समजून घेई.

पाणी १८२० फुटांपर्यंत येणार होतं. फुलाक्काच्या वाडीचा चौकोन कोरा होता. डावीकडच्या भातशेतात १८१८.

फुलाक्का त्यांच्या रामनगरच्या खोलीवर येऊन धडकली.

"आमची सात घरं कुठं हाईत ह्यात?"

"ह्या कोऱ्या जागेत."

"कोरी? आमी मेलो व्हय?"

"तसं नाही हो. शेताच्याच उंचीवर आहात, म्हणून लिहिलं नाही."

"म्हंजे शेत बुडलं की आमी बी."

लक्ष्मणराव पेन्सिलीला टोक काढू लागले.

"मग लिवा की कायतरी. जागा रिकामीच हाय न्हवं?"

"मनानं लिहिता येत नाही, फुलाक्का."

सोमवारी सकाळी त्या चौकोनात १८२३ होतं. अक्षर लक्ष्मणरावांचंच. आपल्याला दया आली की काय, या शंकेनं ते ओशाळले आणि त्यांनी आकडा खोडला.

चहा पिऊन आले, तर १८२३.

परत खोडला. कागद झिजून भोक पडलं. त्यांनी मागून कोरा तुकडा डकवला.

डिंक वाळायच्या आत तुकड्यावर १८२३.

बुधवारी ते ट्रकनं आणि पुढं चालत वाडीवर गेले. मोजणीची दुर्बीण लावून आधी शेतात, मग अंगणात पट्टी धरायला लावली. शेत १८१८. अंगण १८२३.

पुन्हा मोजलं. तेच.

दुर्बिणीत पाच फुटांचा चढ होता. शेतातून अंगणात येताना पायांना तो लागला नाही.

त्यांनी मोजणीच्या वहीत आकडा लिहिला, खाली सही केली. सही खरी होती.

"फुलाक्का, वाडी बुडत नाही."

"व्हय?" विहिरीच्या काठावर बसलेल्या फुलाक्कानं डोळ्यांना पदर लावला. मग मांडीवरच्या दोराची गाठ दातानं आवळली.

"नवा दोर?"

"जुनाच हाय. सोमवारपास्नं घागर पाण्याला पोचंना," ती म्हणाली. "पाच फूट जोडलाय."