दहा सेकंदांची मुभा

मी खोलीत शिरले तेव्हा माझ्या टेबलाखालून दोन पाय बाहेर आलेले होते. धुळीने माखलेले बूट, शेजारी चामड्याची पिशवी. पायांचा मालक आतूनच म्हणाला, "डॉक्टरबाईंच्या फोनची तार इथूनच गेलीय. पाच मिनिटं."

मी एक्स-रे काढते. आमचा दवाखाना लहान, आणि हाडांचे डॉक्टर घाटापलीकडे, तीन तासांवर. म्हणून नुकताच एक संगणक आला होता. फिल्म स्कॅन करायची आणि फोनच्या तारेवरून शहरात पाठवायची. मधे मोडेम नावाची एक डबी. तिला टाइप करून हुकूम द्यावे लागत, आणि गेला आठवडाभर ती माझा एकही ऐकत नव्हती.

लाइनमन बाहेर आला, कोपर झटकलं आणि माझ्या पडद्याकडे पाहिलं.

"आधी ए-टी लिहा. ही तिला हाक. हाक मारल्याशिवाय ती लक्ष देत नाही."

लिहिलं. पडद्यावर 'ओके' उमटलं. पुढे डी म्हणजे नंबर फिरव. त्यानंतर मी पुस्तिकेत होता तसा टी लिहीत होते. तो हसला. टी म्हणजे सूर, पी म्हणजे ठोके; आमचं एक्स्चेंज जुनं, त्याला ठोकेच कळतात, असं त्याने समजावलं. टीच्या जागी पी लिहिताच डबी टकटक करत नंबर फिरवू लागली... मग एक लांब शीळ, खरखर – आणि शहर जोडलं गेलं.

"आणि फोन ठेवायचा असेल तर?" मी विचारलं.

"ए-टी-एच." त्याने पिशवी उचलली, पुन्हा खाली ठेवली. "पण एवढ्यात कशाला ठेवायचा?"

मी पडद्याकडेच पाहत राहिले. कान मात्र तापले होते.

त्यानंतर आमची लाइन दर चार-पाच दिवसांनी बिघडू लागली. तक्रार केली की तासाभरात तो हजर. खांबावर सरसर चढायचा म्हणून नर्सनी त्याचं नाव 'खार' ठेवलं. तो वर चढला की माझी खिडकी त्याच्या अगदी समोर यायची, आणि तिथून खाली उतरायला त्याला फारच वेळ लागायचा. घरी वहिनीने एकदा सहज विचारलं, हल्ली कामावर जाताना रोज इस्त्री कशी काय? मी उशीर झाल्याचं सांगून सटकले.

एका मंगळवारी दुपारी एका सुताराला आणलं. छपरावरून मानेवर पडला होता. फिल्म काढली. डॉक्टरबाईंनी ती उजेडापुढे बराच वेळ धरली. हाड मोडलंय की नुसती सावली आहे, त्यांना नक्की सांगता येईना. मोडलं असेल आणि घाटातून नेताना मान हलली, तर तो कायमचा अंथरुणाला खिळणार. शहरातल्या डॉक्टरांनी फिल्म पाहिल्याशिवाय त्याला हलवायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. सुताराची बायको दारात उभी होती.

फिल्म पूर्ण जायला अकरा मिनिटं लागत. तीन मिनिटांनी तार खरखरली आणि पडद्यावर आलं – 'नो कॅरिअर'. फोन तुटला होता.

मी एक्स्चेंजला कळवलं. तो सायकल हाणत आला. काय अडलंय ते ऐकून त्याचा चेहरा उतरला. तो खांबावर चढला. वारा सुटला होता. त्याने पकडीत तारेचा एक सांधा दाबून धरला आणि मला मानेने खूण केली.

पुन्हा नंबर फिरवला. अर्ध्यावर फिल्म गेली आणि वाऱ्याच्या एका झोताने पुन्हा तेच. नो कॅरिअर.

मी पुस्तिका चाळली. शेवटच्या पानांवर एक ओळ सापडली: समोरचा आवाज हरवला तर डबी दीड सेकंदसुद्धा वाट पाहत नाही, फोन ठेवून देते. पण हा वेळ वाढवता येतो. मी शहरातल्या ऑपरेटरला फोन करून त्यालाही तेच टाइप करायला लावलं आणि इकडे लिहिलं – ए-टी-एस-दहा, बरोबर, शंभर. डबी सेकंदाचे दहावे भाग मोजते, म्हणजे दहा सेकंद.

ओके.

तिसऱ्यांदा शीळ आली. चार मिनिटं. सहा. खिडकीबाहेर त्याचे डोळे माझ्यावर, माझे पडद्यावर वाढत जाणाऱ्या टक्क्यांच्या आकड्यावर. नवव्या मिनिटाला तार झोक्यासारखी हलली, तो एका हाताने लटकला... आणि आकडा थांबला. मी मोजत होते. एक. दोन. तीन. चार. त्याने दातांनी हातमोजा ओढून काढला आणि उघड्या बोटांनी तार आवळली. सहा. सात –

आकडा पुढे सरकला.

वीस मिनिटांनी शहरातल्या डॉक्टरांचं उत्तर आलं. हाड मोडलंय, पण जागेवर आहे. अजिबात हलवू नका, मी स्वतः येतो. सुताराची बायको तिथेच खाली बसली आणि तेव्हा कुठे रडली.

तो खाली आला तेव्हा त्याची बोटं मिटलेलीच राहिली होती. मी एकेक बोट सोडवत होते. तो म्हणाला, "तो सांधा मीच कच्चा ठेवला होता."

मला कळेना.

"पक्का केला असता तर तुम्ही तक्रार केली नसती. मग मी कशाला आलो असतो..."

मी त्याचा हात सोडला. एका माणसाचा जन्म वाया गेला असता, एवढंच मी म्हणाले. त्याने मान खाली घातली, पिशवी उचलली, पुन्हा वर चढला आणि सांधा पक्का करून निघून गेला.

लाइन नंतर कधी बिघडली नाही. पहिला आठवडा मी नुसती रागात होते. दुसऱ्यात राग होताच, पण खिडकीकडे पाहणंही थांबत नव्हतं. तिसऱ्यात कळलं, तो रोज सकाळी फाटकावरच्या चौकीदाराकडे सुताराची चौकशी करून जातो. आत येत नाही.

सुतार मानेला पट्टा लावून, बायकोचा हात धरून घरी गेला, त्या दुपारी मी दार उघडलं तर रांगेतल्या बाकावर, दोन म्हाताऱ्यांच्या मधे तो बसलेला. धुतलेला शर्ट, रिकामे हात.

"काय होतंय?" मी विचारलं.

"काही नाही. तुम्हाला भेटायला आलोय."

"लाइन चांगली आहे."

"माहितेय. म्हणूनच आलो." तो उठून उभा राहिला. "पहिल्याच दिवशी हे असंच सांगायला हवं होतं. धीर झाला नाही."

दोन्ही म्हातारे माझ्याकडे पाहू लागले. राग अजून होता, पण आता तो धरून ठेवण्यात मला काही अर्थ दिसेना.

"मी पाच वाजता सुटते," मी म्हणाले. "बसावं लागेल."

घड्याळात सव्वादोन झाले होते. तो बसला.