चाकातली ऊब

धुळ्याच्या हनीफ मिस्त्रीने सकाळचा चहा घेतला, फावडं उचललं आणि राखेत पुरलेलं चाक तो उकरू लागला. साल त्रेपन्न, पौषातली थंडी. कापसाच्या जिनिंगमधल्या इंजिनाचं ते ओतीव लोखंडाचं चाक, पुरुषभर उंचीचं.

याआधीचं चाक फुटलं होतं. जिनिंगचे मालक रुपचंदशेठ घाई करत होते, म्हणून ते लालभडक असतानाच हनीफने साच्यातून उघड्यावर काढायला लावलं. अशा लोखंडाची धग चहूकडे फेकली जाते. वरचा थर निवून आखडतो, पोट मात्र तसंच पेटलेलं राहतं, आणि मग आतल्या आत ओढाताण सुरू होते. हनीफला हे ठाऊक होतं. तरी तो हाताखालच्या कारागिराला म्हणाला, "काढ, निंबा." टिक... टिक... असा बारीक आवाज आला, आणि चाकाचा एक तुकडा निंबाच्या छातीत शिरला.

या खेपेला चाक हळूहळू निवावं म्हणून नऊ दिवस त्याने राखेला कुणाचा हात लागू दिला नाही. चाक निघालं ते अखंड. पण त्यावरून हात फिरवताना तो एका जागी थबकला. सगळं लोखंड गारठलेलं, आणि तिथे, तळव्याएवढ्या जागेत, ऊब. भट्टीची नव्हे. माणसाच्या अंगाची.

दोन दिवसांनीही ती गेली नाही. तो शेठकडे गेला.

"एवढी जागा निवतच नाही, शेठ. बाकीचं चाक आखडून बसलंय. आज ना उद्या तडकणार. मोडून टाकू या."

शेठने हात लावून पाहिला. "गारच तर आहे, मिस्त्री."

चाक इंजिनावर चढलं. निंबाच्या बायकोला, भिकुबाईला, शेठने इंजिनघर झाडायला ठेवलं. इंजिन सुरू होण्याआधी ती चाकाला पाठ टेकून भाकरी खायची.

"वहिनी, हे काम सोडा," हनीफ एकदा हळूच म्हणाला. "साक्रीला माहेरी जा."

"आठे पाठले ऊब लागस, भाऊ."

शेठला गार लागलेली जागा तिच्या पाठीला मात्र ऊब देत होती. त्या दिवशी त्याने उबदार जागेवर खडूने खूण केली. संध्याकाळी इंजिन थांबलं तेव्हा खूण वर, छताकडे होती. कुलूप त्यानेच लावलं, किल्ली उशाखाली ठेवली. सकाळी दार उघडलं तर खूण खाली आलेली, भिकुबाईच्या बसायच्या जागी. त्याने तिची जागा बदलली. पलीकडच्या बाजूला बसवलं. दुसऱ्या दिवशी खूण पलीकडे.

त्याने कुणाकुणाला सांगितलं. निंबा गेल्यापासून मिस्त्रीचं डोकं ठिकाणावर नाही, असं लोक म्हणू लागले. पुढे त्यानेही सांगणं सोडलं. रोज सकाळी तो नुसता दारात उभा राहायचा.

फाल्गुनात ऊन तापू लागलं, तरी भिकुबाई तिथेच बसायची. एक दिवस तिने भाकरी बाजूला ठेवली, डोळे मिटले आणि पाठ आणखी मागे रेलली.

"आज जरासं जास्तीच गरम शे, भाऊ..." ती म्हणाली. "आनि धडधडस बी."

इंजिन अजून सुरू झालं नव्हतं.